गिटारच्या पट्ट्या पावसाळ्यात बसवू नयेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत सोलापुरातील एका तरुणाने घरीच बांधलेल्या गिटारीविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत हलगीचा कडकडाट ऐकत वाढलेल्या या शहरात कुणीतरी गिटारीसारखे नाजूक जोडकाम हाती घेतो आणि वृत्तपत्र त्याला अर्धे पान देते, याचा आनंद वाटला. मात्र त्या लेखात सल्ल्यादाखल दोन वाक्ये छापली आहेत. ‘वरच्या फळीला आतून जितक्या जास्त पट्ट्या, तितके वाद्य टिकाऊ’ हे एक, आणि ‘पावसाळ्यात इतर कामे थंडावलेली असतात, तेव्हा पट्ट्या चिकटवण्याचे काम उरकून घ्यावे’ हे दुसरे. पहिले वाक्य अर्धसत्य आहे. दुसरे मात्र सोलापूरच्या हवेत सरळ नुकसान करणारे आहे, आणि ते मी स्वतः करून बसलेलो असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

माझ्याविषयी सांगायचे तर, मी बरीच वर्षे एका कारखान्याच्या सुतारखात्यात मागांचे लाकडी भाग दुरुस्त करण्याचे काम केले. माग बंद पडत गेले तसा वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळलो आणि पुढे हौसेने अकरा गिटारी बांधल्या. अकरा हा आकडा काही मोठा नाही. त्यांतल्या तीन बिघडल्या, आणि या विषयातले मला जे थोडेफार कळते ते मुख्यतः त्या तिघींनी शिकवलेले आहे.

लेखात बाजूच्या आणि पाठीच्या शिसवी लाकडाचे पुष्कळ कौतुक आहे. शिसवी सुंदरच दिसते, आणि आपल्या दक्षिणेतील शिसवी जगभरच्या गिटारींत वापरली जाते हेही खरे आहे. अमेरिकेतील मार्टिन कंपनीने ब्राझीलची शिसवी मिळेनाशी झाल्यावर १९६९ च्या सुमारास भारतीय शिसवीच पत्करली. पण आवाजाचा मुख्य भार पाठीवर नसतो. स्पेनचे अंतोनियो दे तोर्रेस यांनी १८६२ मध्ये एक गिटार बांधली, तिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या आणि वरची फळी तेवढी खऱ्या लाकडाची होती. वाद्य बोलते ते वरच्या फळीमुळे, हे त्यांना दाखवायचे होते. सतारीच्या आणि तंबोऱ्याच्या कारागिरांकडे या वरच्या फळीला ‘तबली’ असा सुटसुटीत शब्द आहे, तोच मी पुढे वापरतो.

गिटारीच्या तबलीवर किती भार येतो, याची कल्पना बाहेरून पाहून येत नाही. नेहमीच्या ‘बाराच्या’ संचाच्या (म्हणजे ज्यातली सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच जाडीची असते) सहा पोलादी तारा चढवून सुरात आणल्या की त्यांचा एकूण ताण ७० ते ७५ किलोंच्या घरात जातो. म्हणजे तारा जिच्यात अडकवलेल्या असतात त्या घोडीला एक धडधाकट माणूस रात्रंदिवस लोंबकळत असतो, असे समजावे; आणि ती घोडी ज्या फळीवर चिकटवलेली असते तिची जाडी अडीच ते तीन मिलिमीटर एवढीच असते. त्यातही या ताणाची दिशा आपल्या वाद्यांपेक्षा वेगळी आहे. तंबोऱ्याच्या तारा घोडीवरून पुढे जाऊन खालच्या टोकाच्या लंगोटाला अडकतात, त्यामुळे घोडी तबलीवर दाबली जाते, आणि तबलीला दिलेला किंचित फुगवटा तो दाब पेलतो. गिटारीच्या तारा घोडीतच संपतात. त्या फळीपासून साधारण बारा-तेरा मिलिमीटर उंचीवरून येत असल्याने त्यांचा ओढा घोडीला पुढच्या बाजूला उलथवू पाहतो, म्हणून घोडीच्या मागे तबली फुगते आणि घोडी व गोल छिद्र यांच्यामध्ये ती खचते. मिरजेच्या परंपरेतला एखादा निष्णात कारागीरही पहिल्यांदा गिटार बांधताना इथे फसू शकतो, तो याच कारणाने. त्याच्या हाताला दाबाची सवय असते, पिळाची नसते.

आता पट्ट्यांकडे येतो. स्प्रूस हे थंड प्रदेशातले हलके सूचिपर्णी लाकूड; त्याची तबली लाकडाच्या रेषांच्या दिशेने जितकी ताठ असते, त्याच्या बारा-तेराव्या हिश्शाइतकीच ती रेषांना आडव्या दिशेने ताठ असते. आडव्या दिशेचा हा कमकुवतपणा भरून काढणे आणि घोडीचा पिळ थोपवणे ही दोन कामे पट्ट्यांनी करायची असतात, आणि तीही तबलीचे हलणे बंद न पाडता. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या बऱ्याच स्वस्त गिटारींत तबलीखाली शिडीच्या पायऱ्यांसारख्या नुसत्या आडव्या पट्ट्या होत्या. त्या आडव्या दिशेला ताठपणा देतात, पण घोडीचा पिळ दोन पायऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आपले काम करीत राहतो, आणि अशा गिटारीची तबली दोन-चार वर्षांत लाटेसारखी वरखाली होते.

पोलादी तारांच्या गिटारीसाठी आज जगभर रूढ असलेली रचना फुलीची आहे. आपल्याकडे छपराच्या आधाराला ‘कैची’ म्हणतात, तिचीच आठवण व्हावी अशा दोन लांब पट्ट्या गोल छिद्र आणि घोडी यांच्या मध्ये एकमेकींना छेदतात, आणि त्यांचे खालचे पाय घोडीच्या दोन टोकांखालून कडांपर्यंत जातात. मार्कनॉयकिर्खेन या जर्मन गावाचे ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन १८३३ मध्ये अमेरिकेला गेले. त्यांच्या १८४० च्या दशकातील गिटारींत ही फुली दिसू लागते. गंमत अशी की तेव्हा त्या गिटारींवर आतड्याच्या, कमी ताणाच्या तारा होत्या. पोलादी तारांचा जमाना नंतर विसाव्या शतकात आला, आणि तो भार पेलण्याची ताकद त्या जुन्या फुलीत आयतीच निघाली. तोर्रेस यांची रचना वेगळी होती. घोडीखाली पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या सात बारीक पट्ट्या, आणि नायलॉनच्या तारांच्या गिटारीला आजही तीच चालते. लेखातील छायाचित्रात जी गिटार दिसते तिची घोडी पिनांची आहे, म्हणजे ती पोलादी तारांची आहे. मजकुरात मात्र ‘पंख्यासारख्या पट्ट्या’ असा उल्लेख आहे. हे खरेच तसे असेल, तर त्या तरुणाने त्या वाद्यावर जाड तारा चढवू नयेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

‘जास्त पट्ट्या म्हणजे जास्त मजबुती’ या समजुतीत चूक कुठे आहे, ते माळवदाच्या घरात राहिलेल्या कोणालाही चटकन कळेल. तुळई कधी आडवी पालथी टाकत नाहीत, उभी ठेवतात. पट्टीचा ताठपणा तिच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. उंची निम्मी केली की ताठपणा आठव्या हिश्शावर येतो. आठ मिलिमीटर रुंद आणि पंधरा मिलिमीटर उंच पट्टी घ्या, आणि तितक्याच लाकडाची सोळा रुंद व साडेसात उंच अशी दुसरी घ्या. वजन दोन्हींचे सारखेच भरेल, मात्र दुसरीत पहिलीच्या पावपट ताठपणा असेल. म्हणून पट्ट्यांची संख्या मोजण्यापेक्षा त्यांची उंची, त्यांची दिशा आणि त्यांच्या लाकडातली रेष पाहणे महत्त्वाचे ठरते. रेषेचे म्हणाल, तर पट्टीचे लाकूड करवतीने कापून काढण्याऐवजी आधी कुऱ्हाडीने रेषेवर फोडून घ्यावे आणि मग रंधा मारावा. फोडलेले लाकूड आपली रेष स्वतः दाखवते. करवत ती कापून पुढे जाते, आणि तिरक्या रेषेची पट्टी दिसायला सरळ असली तरी ताणाखाली चिरते.

माझी पहिली गिटार या अज्ञानाचा नमुना होती. मागाच्या कामात लाकूड मोडले की आम्ही जाड करायचो, तोच हात गिटारीला लावला. तबली साडेतीन मिलिमीटर ठेवली, आणि फुलीच्या पट्ट्या सागाच्या घातल्या. साग मजबूत खरा, पण स्प्रूसच्या जवळजवळ दीडपट जड. त्यावर हौसेने आणखी चार आडव्या पट्ट्या दिल्या. ती गिटार आजही माझ्याकडे आहे, तिला कुठे तडा नाही की फुगवटा नाही, आणि तिचा आवाज पाटावर पोळपाट आपटल्यासारखा आहे. आमच्या घरी तिच्यावर नातवंडे बसतात.

ताकद आणि आवाज यांची ही ओढाताण मोठमोठ्या कारखान्यांनाही सुटलेली नाही. मार्टिन कंपनी पूर्वी फुलीच्या आणि खालच्या पट्ट्यांना मध्ये खोलगट तासून हलके करीत असे. लोक जाड तारा चढवू लागले, तबल्या फुगून परत येऊ लागल्या, म्हणून १९४४ च्या सुमारास कंपनीने हे तासणे बंद केले. पुढे जुन्या गिटारींच्या खुल्या आवाजाची मागणी इतकी वाढली की १९७६ मध्ये एचडी-२८ या नमुन्यात तीच तासलेली पट्टी परत आणावी लागली.

पट्ट्या चिकटवून झाल्यावर त्या उतरवत नेणे, हा माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत रस असलेला भाग आहे, आणि लेखात त्याचा एक शब्दही नाही. चिकटवलेली तबली वरच्या टोकाजवळ दोन बोटांत हलकेच लोंबती धरायची आणि घोडीच्या जागेवर अंगठ्याच्या मऊ भागाने टिचकी द्यायची. सुरुवातीला नुसते ‘टक्’ ऐकू येते, तेही उंच आणि तिथल्या तिथे विझणारे. मग पटाशी घेऊन फुलीच्या खालच्या पायांच्या टोकांकडून काम सुरू करायचे. टोके उतरवत उतरवत कडेला दोन-अडीच मिलिमीटरवर आणायची, मधला भाग उंच ठेवायचा आणि पट्टीची माथ्याकडची बाजू घराच्या पाख्यासारखी निमुळती करायची. धारदार पटाशीखाली स्प्रूसची साल कांद्याच्या पातीसारखी गुंडाळत निघते, आणि दर चार-सहा साली काढल्या की पुन्हा टिचकी मारून पाहायचे. एका क्षणी त्या ‘टक्’च्या पोटात ‘धुम्’ असा खालचा स्वर येतो आणि तो हातात रेंगाळतो. बोटांना तो आधी कळतो, कानाला नंतर. त्या क्षणानंतर आणखी दहा साली काढाव्याशा वाटतात, आणि नेमके तिथेच थांबायचे असते.

मी तिसऱ्या गिटारीच्या वेळी थांबलो नाही. आवाज आठवडाभर अप्रतिम होता. मे महिना संपायच्या आत घोडीमागे पोट आले आणि तारा बोटांना दाबेनात. तेव्हापासून कानावर एकट्यावर मी विसंबत नाही. तबलीच्या कडा चौकटीवर टेकवून घोडीच्या जागी दोन किलोचे माप ठेवतो आणि ती किती वाकली ते डायल गेजवर पाहून वहीत लिहून ठेवतो. कुठला आकडा चांगला, हे दुसऱ्याच्या वहीवरून ठरत नाही, कारण प्रत्येक फळी वेगळी असते. पण आपल्याच चार-पाच गिटारींचे आकडे शेजारी लिहिले की हात कुठे घसरतो आहे ते दिसते.

आणखी एक बारकावा. फुलीच्या दोन पट्ट्या जिथे छेदतात तिथे दोन्हींना अर्धी-अर्धी खाच घालून त्या एकमेकींत बसवतात. यांतील एका पट्टीची खाच वरच्या अंगाला उघडी राहते, आणि सगळा ताण येतो नेमका त्या उघड्या ठिकाणी. मार्टिनच्या गिटारींत या सांध्यावर सरसात भिजवलेला कापडाचा तुकडा चिकटवण्याची जुनी पद्धत आहे. काही कारागीर लाकडाची टोपी बसवतात. मी हातमागाच्या जाड सुती कापडाचा दोन इंचांचा चौकोन लावतो. ज्या शहराची ओळखच चादर आहे, तिथल्या गिटारीच्या पोटात एवढे कापड असावे, हा माझा हट्ट समजा. शिवाय ते स्वस्त आणि हलकेही पडते.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी पत्राची लांबी सहन करावी अशी विनंती आहे.

लाकूड हवेतील ओलाव्याबरोबर फुगते आणि आक्रसते, पण सर्व दिशांना सारखे नाही. रेषेच्या लांबीत त्याच्यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. रेषेला आडव्या दिशेने मात्र चांगलाच पडतो. तबलीच्या रेषा मानेकडून बुडाकडे जातात. पट्ट्या त्यांना आडव्या किंवा तिरक्या बसतात, म्हणजे तबली ज्या दिशेने फुगते-आक्रसते, त्याच दिशेला पट्टीची न बदलणारी लांबी तिला जखडून ठेवते. ज्या दिवशी गोंद सुकतो, त्या दिवसाची तबलीची रुंदी पट्ट्या जणू कायमची नोंदवून घेतात.

सोलापुरात या दिवसाची निवड फार महत्त्वाची आहे, कारण इथली हवा दोन टोकांची आहे. माझ्या खोलीतील आर्द्रतामापक एप्रिलच्या दुपारी २० ते २५ टक्के दाखवतो, आणि श्रावणात झड लागली की ८० च्या आसपास जातो. ७५ टक्के आर्द्रतेत बराच काळ राहिलेले लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे १४ टक्के पाणी धरते, आणि २५ टक्के आर्द्रतेत तेच पाणी पाच टक्क्यांच्या आसपास उतरते. उभ्या रेषांत कापलेल्या स्प्रूसची रुंदी पाण्याच्या दर एका टक्क्यामागे साधारण ०.१४ टक्का बदलते. हा हिशेब ४० सेंटिमीटर रुंदीच्या तबलीला लावला, तर पावसाळ्यातून उन्हाळ्यात जाताना ती पाच मिलिमीटरच्या आसपास आक्रसू पाहते. पॉलिशमुळे आणि ऋतू पालटत राहिल्यामुळे प्रत्यक्षात फरक याहून कमी पडतो, पण दोन मिलिमीटर जरी आक्रसायचे असले आणि पट्ट्या सोडत नसल्या, तरी फळीला फाटण्यावाचून गत्यंतर नसते.

माझ्या पाचव्या गिटारीचे हेच झाले. जुलैत काम नव्हते, म्हणून तिच्या पट्ट्या बसवल्या. दिवाळीला तारा चढवल्या तेव्हा आवाज गोड होता. फेब्रुवारीत तबलीचा फुगवटा बसला आणि तारा मानेवरच्या फ्रेटना (धातूच्या आडव्या पडद्यांना) लागून खरखरू लागल्या. मी घोडीवरची हाडाची पट्टी उंच करून वेळ मारून नेली. एप्रिलच्या एका दुपारी मी बाहेरच्या खोलीत जेवत होतो, आणि आतून सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला. घोडीपासून बुडापर्यंत सरळ रेषेत तडा गेला होता, त्यातून दिव्याचा उजेड दिसत होता. कुणी हात लावला नव्हता, गिटार भिंतीवर टांगलेली होती. तो तडा मी आतून लाकडाचे टिकले लावून सांधला, पण जुलैत चिकटवलेल्या पट्ट्या जुलैच्या राहिल्या त्या राहिल्याच.

उलट चूक इतकी महाग पडत नाही. फार कोरड्या हवेत पट्ट्या बसवल्या तर पावसाळ्यात तबली फुगते, तारा उंचावतात, वाजवणारा कुरकुरतो. हवा सुकली की सगळे बरेचसे जागेवर येते. म्हणून चुकायचेच असेल तर कोरड्याच्या बाजूला चुकावे. जगभरचे गिटार बांधणारे पट्ट्या चिकटवताना खोलीतील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवतात, बहुतेक जण ४५ ला धरून असतात. आपल्याकडे त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. दिवाळी उलटल्यापासून गड्ड्याची यात्रा आटोपेपर्यंत सोलापूरची हवा दिवसाच्या बऱ्याच वेळेला आपणहून त्या आकड्याच्या जवळपास असते. मी तबलीची फळी आणि पट्ट्यांचे लाकूड आधी महिनाभर त्याच खोलीत उभे ठेवतो, आणि आर्द्रतामापक तीन-चार दिवस स्थिर राहिला की मगच गोंद उघडतो. फारच नड असली तर बंद पेटीत चाळीस वॅटचा दिवा लावून पावसाळ्यातही फळी कोरडी करता येते, मात्र ती पेटीतून काढून दमट खोलीत पट्ट्या जोडत बसलात तर तासाभरात ती पुन्हा ओल धरू लागते.

गोंदाविषयी थोडक्यात. बाजारात सहज मिळणारा पांढरा गोंद फर्निचरला उत्तम आहे, पण कायमच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो, आणि उष्णतेने मऊ पडतो. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत किंवा बंद मोटारीत ठेवलेल्या गिटारीची पट्टी निघून येते, ती बहुधा याच गोंदाची असते. पूर्वीचा गरम सरस सुकल्यावर काचेसारखा कडक होतो आणि सरकत नाही, शिवाय पुढे कधी पट्टी काढायची झाल्यास उष्णतेने व ओलाव्याने सोडवता येतो. तो लवकर थिजतो, म्हणून लाकूड आधी कोमट करून घ्यावे लागते, आणि हात चलाख लागतो. दाब देण्यासाठी मी बांबूच्या कामट्या वापरतो. तबली किंचित खोलगट पाटावर पालथी ठेवायची, वर एक पक्की फळी, आणि दोहोंच्या मध्ये पट्टीच्या माथ्यावर कामट्या वाकवून अडकवायच्या. एका फुलीला पंधरा-वीस लागतात. पाटाच्या खोलगटपणामुळे तबलीला जो बेताचा फुगवटा मिळतो, तो तिला उन्हाळ्यात आक्रसायला थोडी जागा देतो. नव्या गिटारीची तबली अगदी सपाट नाही म्हणून तक्रार करणारे ग्राहक मला भेटतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

ज्यांना बांधायची नाही, विकत घ्यायची आहे, त्यांनी दंतवैद्याच्या आरशासारखा छोटा आरसा आणि मोबाइलचा दिवा गोल छिद्रातून आत घालून पाहावे. पट्ट्यांच्या कडेने गोंदाची सलग रेघ दिसली पाहिजे, पट्टीखाली कुठेही जाड कागदाची कड शिरता कामा नये, आणि फुलीच्या सांध्यावर काहीतरी टोपी असलीच पाहिजे. घरात कूलर असेल तर गिटार त्याच्या झोतात टांगू नये. दिवसा ओल आणि रात्री कोरड, असा रोजचा हेलकावा पावसाळा-उन्हाळ्यापेक्षाही वाईट.

विषयांतर होत असले तरी एक उल्लेख करतो, कारण लेखाच्या शेवटी त्या तरुणाने ‘पुढे तरफा बसवण्याचा विचार आहे’ असे म्हटले आहे. तरफा म्हणजे मुख्य तारांच्या सुराबरोबर आपोआप झंकारणाऱ्या जादा तारा. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा, म्हणजे तरफा बसवलेली गिटार, ऐकून अनेकांना ही इच्छा होते. पण तरफांच्या डझनभर तारा म्हणजे तबलीवर आणि मानेवर आणखी कितीतरी भार. त्यासाठी वाद्य मुळातच वेगळे, कमानदार तबलीचे घ्यावे लागते. तयार सपाट तबलीच्या गिटारीला खुंट्या ठोकून देण्याचे काम माझ्याकडे दोनदा आले आणि दोन्ही वेळा मी ते नाकारले.

आपल्याकडे एवढीच विनंती आहे की लेखातील पावसाळ्याविषयीच्या वाक्याची दुरुस्ती येत्या अंकात छापावी, आणि जमल्यास त्या गिटारीच्या तबलीचे आतल्या बाजूने घेतलेले एखादे छायाचित्र द्यावे. घाई करण्याचे कारण असे की मृग तोंडावर आला आहे, आणि त्या लेखाचे कात्रण घेऊन दोन विद्यार्थी गेल्याच आठवड्यात माझ्या घरी आले होते. दोघांनी वर्गणी काढून स्प्रूसची एक फळी मागवली आहे आणि पाऊस सुरू झाला की पट्ट्या चिकटवायला बसायचे, असा त्यांचा बेत आहे. दिवाळीपर्यंत थांबा, असे मी त्यांना सांगितले. त्यावर त्यांतल्या एकाने अत्यंत नम्रपणे कात्रण पुढे केले आणि म्हणाला, ‘काका, पण पेपरात तर असं छापलंय.’

आपला,
वाद्यदुरुस्ती करणारा एक वाचक,
सोलापूर